माळरानासाठी रंग बदलणारं जाकीट: एका मागणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सासवड, जेजुरी, सुपे या बाजूची माळरानं वर्षातून दोनदा कपडे बदलतात. जूनच्या मध्यापासून हिरवी, आणि ऑक्टोबर सरता सरता कुसळी वाळायला लागली की पुढे थेट पावसापर्यंत पिवळट तपकिरी. लांडगा, खोकड, चिंकारा आणि धाविक पक्षी यांचं चित्रण करणारा एक छोटा चमू या भागात बाराही महिने काम करतो. त्यांनी पुण्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कार्यशाळेकडे दोन गोष्टी मागितल्या. पहिली, बटण दाबलं की हिरव्याचं वाळल्या गवताच्या रंगात जाणारं जाकीट. दुसरी, त्याच जाकिटाच्या बाहीवर तीन खुणा दाखवणारी पट्टी. लपणात शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला ‘चित्रण सुरू’, ‘हलू नकोस’, ‘बॅटरी संपत आली’ एवढं न बोलता कळावं, आणि पहाटेच्या अंधारात एलईडीसारखा उजेडही पडू नये.

कार्यशाळेने सर्किटचं काम घेतलं आणि छपाई इचलकरंजीतल्या एका स्क्रीन प्रिंटिंग युनिटला दिली. दोन्ही बाजूंना आपापल्या कामाचा अनुभव भरपूर होता; तापमानाने रंग बदलणारा पिगमेंट (छपाईच्या रंगातले रंगकण) मात्र दोघांनीही चहाच्या कपांवर आणि लहान मुलांच्या टी-शर्टवरच पाहिलेला होता. नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

अडचण कुठे होती

बाजारात सहज मिळणारा असा पिगमेंट म्हणजे सूक्ष्म कॅप्सूलमध्ये बंद केलेलं तीन घटकांचं मिश्रण. एक रंगद्रव्य (क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन हे त्यातलं जुनं, सर्वपरिचित), त्याचा रंग उमटवणारा एक सौम्य आम्लधर्मी डेव्हलपर (बहुतेकदा बिस्फेनॉल ए) आणि एक मेणासारखा विद्रावक. विद्रावक गोठलेला असतो तोवर रंगद्रव्य आणि डेव्हलपर एकमेकांना धरून असतात आणि रंग दिसतो. विद्रावक वितळला की ती जोडी तुटते आणि रंग जातो. कॅप्सूलचा व्यास काही मायक्रॉन असतो, आणि रंग कोणत्या तापमानाला जाणार हे विद्रावकाच्या वितळणबिंदूवर ठरतं. दुकानात मिळणारे नेहमीचे आकडे ३१ आणि ४५ अंश सेल्सिअस.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही या मागणीच्या मुळावर येणाऱ्या होत्या. एक, थंड असताना गडद आणि तापल्यावर फिकट, हीच दिशा. नेहमीच्या पिगमेंटमध्ये उलटं होत नाही. दोन, हा रंग पारदर्शक थरासारखा वागतो. खालच्या गडद रंगावर तो मारून वर फिकट रंग दिसेल ही आशा ठेवू नये.

आता माळरानाचं वर्ष या नियमांशेजारी मांडून पाहा. पावसाळ्यात हवा पंचविशीच्या आसपास, तेव्हा जाकीट हिरवं हवं, म्हणजे गडद. इथवर ठीक. मे महिन्यात चाळिशीपार, तेव्हा वाळल्या गवताचा रंग हवा, म्हणजे फिकट. तेही ठीक. पण डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर गवत वाळलेलंच असतं आणि जाकीट मात्र गारठून हिरवंगार! चित्रणाचा खरा हंगाम नेमका तोच.

मागणी घेतली त्या दिवशी कुणी हे वर्ष कागदावर मांडलं नाही. चर्चा झाली ती छटांवर, आणि ३१ अंशांचा पिगमेंट मागवला गेला, कारण तो स्वस्त आणि हातोहात मिळणारा. माणसाच्या त्वचेचं तापमान ३२ ते ३४ अंशांदरम्यान असतं. बोट लावलं की रंग जावा म्हणूनच तो ३१ अंशांचा बनवलेला आहे. खांद्यावर, पाठीवर, काखेत अंगाच्याच उष्णतेने त्याचे डाग पडले. अमेरिकेत १९९१ साली ‘हायपरकलर’ टी-शर्टची लाट आली, त्यांच्याही काखेत असेच डाग दिसायचे. तिथे ती गंमत म्हणून खपली. लपून बसायच्या जाकिटावर ते ठिपके म्हणजे उघड जाहिरात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ४५ अंशांचा पिगमेंट आणि संपूर्ण जाकिटात हीटर. अंगाच्या उष्णतेने तो बदलणार नाही, बटणानेच बदलेल. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ऑक्टोपसच्या त्वचेवरून सुचलेला लवचीक पडदा दाखवला, त्यातही काळ्यापासून पारदर्शक होणारा याच जातीचा रंग ४७ अंशांच्या आसपास बदलत होता. त्यात १६ गुणिले १६ चौकटी होत्या आणि सगळी जाडी २०० मायक्रॉनच्या आत. त्यामुळे कल्पनेत खोट नव्हती. खोट क्षेत्रफळात होती.

हिशोब असा. जाकिटाचा बाहेर दिसणारा भाग साधारण ०.८ चौरस मीटर. दहा अंशांच्या हवेत कापड ४७ अंशांवर धरायचं तर फरक ३७ अंशांचा. वारा पडलेला असताना कापडाच्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला, दर अंशाला १० ते १२ वॅट निघून जातात. म्हणजे चौरस मीटरला ४०० वॅट आणि जाकिटाला सुमारे ३२० वॅट. झुळूक आली की दुप्पट. २६०० मिलीअँपिअर-तासांचे दोन १८६५० जातीचे लिथियम सेल मिळून सव्वाएकोणीस वॅट-तास देतात, तेवढ्यात जाकीट साडेतीन मिनिटं पिवळं राहील. दोन तास बसायचं तर सदुसष्ट सेल लागतील. नुसत्या सेलचं वजन तीन किलोंच्या वर, केस आणि तारा वेगळ्या. बीएई सिस्टीम्सने २०११ मध्ये ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ नावाची षटकोनी चौकटींची यंत्रणा रणगाड्यावर दाखवली होती. ती दिसणारा रंग बदलत नाही, पृष्ठभागाचं तापमान बदलून थर्मल कॅमेऱ्याला फसवते. तिथे पाठीशी रणगाड्याचं इंजिन असतं. खांद्यावर पिशवी घेऊन चालणाऱ्या माणसाला तो हिशोब लागू होत नाही.

दुसरा पर्याय इलेक्ट्रोक्रोमिक, म्हणजे वीज दिल्यावर रंग बदलणाऱ्या फिल्मचा. पीडॉट (वीज वाहणारं पॉलिमर) किंवा प्रशियन ब्लूचा थर, मध्ये जेल इलेक्ट्रोलाइट, दोन-तीन व्होल्टमध्ये रंग बदलतो आणि बदलल्यावर बराच वेळ टिकतो, त्यामुळे वीज नाममात्र. कागदावर हा सगळ्यांत शहाणा पर्याय. पण जाकिटाएवढ्या मापात, शिवता येईल अशा कापडासारखी फिल्म या चमूच्या बजेटमध्ये मिळत नव्हती. आयटीओ (वीज वाहणारा पारदर्शक थर) लावलेली पीईटी प्लास्टिकची फिल्म आणून घरी थर चढवायचा म्हटलं तर आयटीओ ठिसूळ; दोन-तीन टक्के ताण पडला की भेगा जातात आणि भेगेपलीकडचा भाग मरतो. खांदा दिवसातून शेकडो वेळा वाकतो.

तिसरा, लवचीक ई-पेपर, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रात असतो तसा पडदा. २.१३ इंचांचे तयार तुकडे छंदी लोकांच्या दुकानांतही मिळतात. चित्र बदलतानाच वीज खातात आणि उन्हात उत्तम वाचता येतात. जाकिटासाठी निरुपयोगी, बाहीसाठी मात्र विचार करण्याजोगे. चमूचा आक्षेप चमकेवर होता. प्लास्टिकचा चौकोन सकाळच्या तिरप्या उन्हात लखलखतो, आणि प्राण्याला रंगापेक्षा ती चमक आधी दिसते.

चौथा पर्याय कार्यशाळेतल्या कुणीच काढला नव्हता. तो छपाईच्या मास्तरांनी फोनवर सहज म्हणून काढला: “साहेब, ऋतू काय रोज बदलतोय व्हय? दोन बाजूंचं जाकीट शिवा. पावसाळ्यात हिरवी बाजू वर, दिवाळीनंतर पिवळी.”

निर्णय

तीन-चार दिवस कार्यशाळेला हे पचलं नाही, कारण मागणी ‘रंग बदलणाऱ्या’ जाकिटाची होती. पण ३२० वॅटचा आकडा समोर होता. शेवटी काम दोन भागांत तोडलं. अंगभर लागणारा, वर्षातून दोनदाच बदलायचा रंग साध्या पिगमेंट छपाईने दुहेरी जाकिटावर. सेकंदांत बदलायचा, पण तळहाताहून लहान जागेत मावणारा रंग, म्हणजे बाहीवरची पट्टी, तेवढीच तापवून बदलायची.

हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय. बदल किती वेळा हवा आणि किती जागेवर हवा, हे दोन प्रश्न सुटे केले की अर्धी यंत्रणा गळून पडते.

छटा ठरवताना आणखी एक प्रश्न उशिरा पुढे आला: लपायचं कोणापासून? लांडगा, खोकड, चिंकारा यांना लाल आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. त्यांच्यासाठी छटेपेक्षा उजळपणा, बाह्याकृती आणि हालचाल महत्त्वाची, आणि सगळ्यांत आधी वास. पक्ष्यांचं उलट. त्यांची रंगदृष्टी माणसाहून सरस असते आणि अनेकांना अतिनील किरणंही दिसतात. बाजारातल्या बऱ्याच डिटर्जंटमध्ये कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून अतिनील शोषून निळसर प्रकाश देणारी द्रव्यं घातलेली असतात. जाकीट अशा पावडरीत एकदा धुतलं की छपाईवर घेतलेली सगळी मेहनत धाविकापुढे वाया. म्हणून ‘ब्राइटनर नसलेला द्रव साबण, थंड पाणी’ ही सूचना जाकिटाच्या आतल्या पट्टीवरच छापली.

छपाई

बाहीच्या पट्टीसाठी हिरवा पिगमेंट मागवायची गरज पडली नाही. पॉपलिनवर आधी वाळल्या गवताचा पिवळा नेहमीच्या पिगमेंटने छापला आणि पक्का केला. त्यावर ४५ अंशांचा निळा. थंड असताना दोन्ही मिळून हिरवं दिसतं, तापल्यावर निळा जातो आणि पिवळा उरतो. पिवळा थोडा गडदच ठेवावा, कारण निळा पूर्ण कधीच जात नाही. कॅप्सूल आणि बाइंडरची दुधाळ झाक मागे राहते आणि खालचा रंग फिकट वाटतो.

कामी आलेलं प्रमाण: पाण्यातली पिगमेंट स्लरी (दाट घोळ) २० भाग, रंग कापडाला धरून ठेवणारा, पाण्यात मिसळणारा पारदर्शक ॲक्रिलिक बाइंडर ८० भाग, ४३ टी मेश (सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी), स्क्वीजीचे (रंग ओढायच्या रबरी पट्टीचे) दोन हात, दोन हातांच्या मध्ये हवेवर सुकवणं, शेवटी १३० अंशांवर तीन मिनिटं क्युरिंग, म्हणजे तापवून पक्कं करणं. पहिल्या सॅम्पलला रंग दाट यावा म्हणून तीन हात मारले होते. थर ताठ झाला, घडीवर चिरला आणि दुधाळपणा वाढला.

नासाडी झाली ती तीन कारणांनी. स्लरी पहिल्यांदा हाय-स्पीड स्टररने घोटली. कॅप्सूल फुटले आणि कापडावर असा निळा उमटला जो कितीही तापवला तरी जाईना. पुढच्या वेळी लाकडी पट्टीने हाताने, हळूहळू. स्क्रीन पुसायला नेहमीच्या सवयीने थिनर वापरला गेला. त्याचा ओलावा राहिला तिथे रंग कायमचा मेला. पाण्यावरचा रंग आहे, पाण्यानेच धुवावा. तिसरं कारण मजेशीर. छपाईचं टेबल गरम ठेवायची पद्धत असल्याने निळा पडताक्षणी गायब व्हायचा आणि कारागीर “रंग पडंना” म्हणून आणखी जोर लावायचा. टेबल थंड केल्यावर काम सुरळीत झालं. ओव्हनमधून निघालेला तुकडाही दोन-तीन मिनिटं पूर्ण पिवळा दिसतो. तो निवेपर्यंत नापास करू नये.

बिस्फेनॉल ए आणि इतर द्रव्यं लक्षात घेता ही छपाई त्वचेकडच्या बाजूला कधीच आणायची नाही, हे आधीच ठरवलं होतं.

रंगाच्या प्रत्येक घाण्याचा एक तुकडा पारदर्शक पिशवीत सील करून पाण्याच्या पातेल्यात सोडायचा, शेजारी थर्मामीटर. पाणी सावकाश तापवत आणि मग सावकाश निववत नोंद करायची. या घाण्याचा रंग ४२ अंशांवर फिका पडू लागला आणि ४६ वर गेला. निवताना मात्र ४१ पर्यंत काहीच नाही, आणि पूर्ण निळा परतला ३७ वर. डब्यावर लिहिलेला ‘४५’ हा एक आकडा खरं तर ३७ ते ४६ असा पट्टा असतो. ही नोंद वहीत गेली, पण तिचा अर्थ मार्चपर्यंत कोणाच्या ध्यानात आला नाही.

हीटर आणि सर्किट

बाहीवर कोपर आणि मनगटाच्या मध्ये तीन खुणा, प्रत्येकी २ गुणिले ६ सेंटिमीटर. हीटर म्हणून तीन पदरी स्टेनलेस स्टीलचा शिवणदोरा, मीटरला सुमारे ३३ ओहम. आधी पाच मिलिमीटर अंतरावर ओळी शिवल्या तर पट्टी वाघासारखी पट्टेरी दिसू लागली, दोऱ्यालगत पिवळी आणि मध्ये हिरवी. उष्णता पसरावी म्हणून खाली स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घालून पाहिली. रंग एकसारखा झाला, पण हात हलवला की चुरचुर आवाज. लपणात ते चालणार नव्हतं, शिवाय फॉइल घडीवर फाटते. शेवटी ओळी अडीच मिलिमीटरवर आणल्या: आठ ओळी, वळणं धरून अर्धा मीटर दोरा, साडेसोळा ओहम.

इथे बॅटरीचा निर्णय आला. एका सेलवर, म्हणजे ३.७ व्होल्टवर, ही पट्टी ०.८३ वॅट घेते, चौरस सेंटिमीटरला ०.०७ वॅट. खोलीत वीस-पंचवीस सेकंदांत खूण उमटायची आणि सगळे खूश. पहाटेच्या गार वाऱ्यात तेवढीच उष्णता हवेत जाते आणि खूण कधीच पूर्ण होत नाही. म्हणून दोन सेल एकापुढे एक जोडले. ७.४ व्होल्टवर ३.३ वॅट मिळतात. दहा अंशांपासून खूण सात-आठ सेकंदांत उमटते आणि मग पीडब्ल्यूएमने (वीज भराभर चालू-बंद करून) वीज एक-तृतीयांशाच्या आत आणून ती टिकवता येते.

नियंत्रण ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरवर. त्याचं आउटपुट ३.३ व्होल्टचं, त्यामुळे दुकानात हमखास हातात पडणारा आयआरएफझेड ४४ एन हा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा स्विच) इथे नको. त्याचं गेट एवढ्यावर नीट उघडत नाही आणि पट्टीऐवजी मॉस्फेटच तापतो. एओ ३४०० व्यवस्थित चालतो.

सुरक्षेवर वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. रंग जायला ४६ अंश लागतात. आयएसओ १३७३२-१ या मानकानुसार त्वचेला तासन्‌तास टेकलेल्या पृष्ठभागाची भाजण्याची मर्यादा ४३ अंश, दहा मिनिटांसाठी ४८. म्हणजे पट्टीचं काम चालतं ते मर्यादेच्या पलीकडेच. थर बाहेरून आत असे ठेवले:

- छापलेलं पॉपलिन, त्यामागे शिवलेला हीटर
- दोऱ्याला टेकलेला १० के एनटीसी थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक), प्रत्येक खुणेला एक
- ०.१ मिलिमीटर टीपीयू (लवचीक प्लास्टिक) फिल्म, इस्त्रीने चिकटवलेली
- ३ मिलिमीटर निओप्रीन (फोमसारखं रबर)
- सुती अस्तर, त्यात त्वचेकडच्या बाजूला आणखी एक थर्मिस्टर

बाहेरचा थर्मिस्टर ४८ अंशांवर धरतो. तो ५५ च्या वर गेला किंवा आतला ४१ वर गेला की सगळं बंद. पण मॉस्फेट खराब होतो तेव्हा बहुधा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो, आणि मग प्रोग्राम कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. म्हणून बॅटरीच्या वाटेत ७२ अंशांचा थर्मल फ्यूज (तेवढं तापलं की वीज तोडणारा) पट्टीला टेकवून बसवला. टीपीयूचं काम वेगळंच आहे. बाही चुरगळून पट्टीची घडी पडली तर दोन थर एकमेकांना तापवतात आणि उघडे दोरे एकमेकांना टेकून शॉर्ट होतात. फिल्ममुळे पट्टीला एवढा ताठपणा येतो की ती वळते, पण दुमडत नाही.

स्टीलच्या दोऱ्याला साधं सोल्डर धरत नाही. दोरा टिचबटणाच्या पायाला चार-पाच वेढे देऊन बटण दाबून बसवलं. त्यामुळे धुण्याआधी बॅटरी आणि बोर्ड काढता येतात. चांदी चढवलेला नायलॉनचा दोरा मऊ असतो आणि शिवायला सोपा, पण घामाने आणि हवेतल्या गंधकाने काळा पडतो व त्याचा रोध वाढत जातो. तो विचारातून लवकर बाद झाला.

मैदानावर काय झालं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पट्टीने काम चोख केलं. खुणा हातभर अंतरावरून अंधूक उजेडातही ओळखू येत होत्या. निवायला मात्र वेळ लागतो. उमटायला आठ सेकंद आणि पुसायला वाऱ्यात अर्धा मिनिट, वारा पडलेला असेल तर मिनिटभर. त्यामुळे ‘हलू नकोस’ ही खूण प्राणी निघून गेल्यावरही रेंगाळायची. तापवणं आपल्या हातात आहे, निववणं हवेच्या. तीन मिलिमीटर निओप्रीनमुळे ते आणखी लांबलं. त्वचा वाचवायची किंमत ती.

दुहेरी जाकिटाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चाललं.

मार्चमध्ये पट्टी बिघडली, आणि बिघाड सर्किटमध्ये नव्हता. सावलीतली हवा छत्तिशीवर आणि उन्हात बाहीचं कापड पन्नासच्या पुढे. बटण न दाबता तिन्ही खुणा उमटलेल्या! सहकाऱ्याने ‘हलू नकोस’ समजून अर्धा तास पाय आखडून काढला. त्यानंतर सावलीत आल्यावरही रंग परत येईना. पातेल्यातली नोंद तेव्हा आठवली: पूर्ण निळा परतायला ३७ च्या खाली जावं लागतं. निओप्रीनच्या आत अंगाची उष्णता आणि बाहेर छत्तीस अंशांची हवा असताना तिथवर उतरायला फार वेळ लागतो. एप्रिल-मेच्या चाळिशीत तर एकदा गेलेला रंग संध्याकाळशिवाय परतत नाही.

दोन उपाय केले. पट्टीवर उचलता येईल अशी कापडी झाप शिवली, त्यामुळे थेट ऊन टळलं. आणि तिन्ही खुणांशेजारी त्याच शाईचा, त्याच थरांवरचा, पण हीटर नसलेला एक ठिपका छापला. ठिपका हिरवा असेल तरच पट्टीवर विश्वास ठेवायचा. ठिपका पिवळा पडला की पट्टी बाद समजून हाताच्या खुणांवर यायचं. दुसरा उपाय जवळपास फुकट आहे आणि तापमानावर चालणाऱ्या कुठल्याही डिस्प्लेत तो पहिल्या सॅम्पलपासून असायला हवा.

दुसरा बिघाड सावकाश आला. हे रंगद्रव्य उन्हात लवकर विटतं. प्रकाशात रंग किती टिकतो हे मोजणाऱ्या १ ते ८ च्या ब्लू वूल मोजपट्टीवर त्याची जागा तळाशी असते. झाप लावायच्या आधीच निळा इतका विटला होता की ‘हिरवा’ आणि ‘पिवळा’ यांतलं अंतर सकाळी कळेनासं झालं. पट्टी बदलावी लागली. अतिनील शोषणारा पारदर्शक थर वरून दिल्यावर आयुष्य वाढलं, पण विटणं थांबलं नाही. पट्टी टिचबटणांवर असल्यामुळे बदलणं सोपं गेलं. ती बाहीत कायमची शिवली असती तर अख्खं जाकीट उसवावं लागलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

पिगमेंटची पहिली खरेदी करण्याआधी तीन आकडे मागवायला हवे होते: वापराच्या जागी वर्षातलं किमान तापमान, कमाल तापमान, आणि त्या रंगाचं कापड भर दुपारी उन्हात किती तापतं. तिसरा आकडा कुठल्याही हवामान खात्याच्या तक्त्यात मिळत नाही. छापलेला तुकडा गच्चीवर ठेवून मागे थर्मिस्टर चिकटवला की एका दुपारी कळतो. तेवढं केलं असतं तर ३१ चा डबा घेतलाच नसता आणि ४५ ची मर्यादाही नोव्हेंबरातच दिसली असती. त्याच तुकड्याचा अर्धा भाग जाड कागदाने झाकून पंधरा दिवस गच्चीवरच सोडला असता तर विटण्याचाही अंदाज आला असता.

बाहीसाठी ई-पेपर लवकर बाद केला, हे आमच्या मते या प्रकरणातलं सर्वांत कच्चं पान. चमक हा एकच आक्षेप होता आणि त्यावर मॅट फिल्म लावून एक सकाळ पाहायला काही लागत नव्हतं. ई-पेपर चालण्याची सर्वसाधारण कमाल मर्यादा ५० अंशांची, म्हणजे मे महिन्याचं ऊन त्यालाही जड जातं. पण तो उन्हाने आपणहून खोटी खूण दाखवत नाही, खूण पुसायला अर्धा मिनिट घेत नाही, आणि त्वचेला भाजण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याची दुखरी बाजू यांत्रिक. तो एकाच दिशेने वाकतो आणि रिबन केबल जिथे चिकटलेली असते तिथे वाकवला तर तुटतो. गोलसर, ताठ आधारावर बसवून तो बाहीच्या लांबीला समांतर ठेवला तर हे टाळता येतं.

कापडासारखं अंग हवं, रेषा पानासारख्या वेड्यावाकड्या हव्यात, आणि वापर सावलीत किंवा थंडीत आहे, तिथे तापवून बदलणारी छपाई अजूनही हाताशी असलेल्या साहित्यातून होणारी सर्वांत स्वस्त गोष्ट. रंगमंचावरची वेशभूषा, वातानुकूलित दालनातलं प्रदर्शन, थंड गोदामातली सूचनापट्टी अशी ती ठिकाणं. उघड्या माळावर मार्च ते मे तिच्या भरवशावर राहू नये.

चमूकडे आता दुहेरी जाकिटं आहेत, आणि पट्टी ऑक्टोबर ते फेब्रुवारी लावली जाते. उन्हाळ्यासाठी मॅट फिल्म लावलेल्या ई-पेपरचा एक तुकडा बाहीवर बसवला आहे. बाहेर चमक किती कमी झाली हे ठरवायला पहाटे साडेसहाच्या तिरप्या उन्हात वीस, तीस आणि पन्नास मीटरवरून फोटो काढायचे, आणि फिल्म लावलेला व न लावलेला असे दोन्ही तुकडे एकाच चौकटीत ठेवायचे, असं ठरलं आहे.